बघू तरी काय आहे!

सत्ती-दुर्री हाती आल्यामुळे कर्जबाजारी झालेला माणूस शोधून सापडणार नाही. ‘टेक्सास होल्डेम’ या पोकरच्या प्रकारात ही दोन पानं सगळ्यांत टाकाऊ मानली जातात, आणि टाकाऊ असल्यामुळेच ती निरुपद्रवी असतात. बघितली, टाकली, पुढचा डाव वाटून होईपर्यंत शेंगदाणे खाल्ले. दोन एक्के आलेला माणूसही सहसा देशोधडीला लागत नाही. एक तर ते सरासरी 221 डावांत एकदा येतात, आणि आले की काय करायचं हे कुणी शिकवावं लागत नाही. माणसाला हळूहळू, सभ्यपणे आणि त्याच्या पूर्ण संमतीने धुऊन काढणारा हात या दोन टोकांच्या मधे कुठेतरी बसलेला असतो. समजा, हातात गुलाम आणि नव्वी आहे आणि टेबलावर गुलाम, छक्की, तिर्री उघडली आहे. गुलामाची जोडी झाली. टेबलावर गुलामाहून मोठं पान नाही, म्हणजे तिथल्या पानांशी जमू शकणाऱ्या जोड्यांत ही सर्वांत वरची. पोकरवाले हिला टॉप पेअर म्हणतात. दोघांकडे एकच जोडी निघाली तर निकाल हातातल्या उरलेल्या पानावर लागतो. ते पान म्हणजे किकर. इथे किकर नव्वी, म्हणजे लाज वाटावी इतका वाईट नाही आणि ऐट मिरवावी इतका चांगलाही नाही. माझं म्हणणं असं की या हाताची ऐपत एकदा, फार तर दोनदा पैसे लावण्याची आहे. लोक तीनदा लावतात. आणि याला हावरटपणापेक्षा खेळाची रचना जास्त जबाबदार आहे, कारण हा खेळ एकच महागडा प्रश्न तीन हप्त्यांत विचारतो.

तीन पत्तीवर वाढलेल्या मराठी माणसाला हे हप्ते नवे असतात. तीन पत्तीत पानं एकदा वाटली की वाटली. जोडी आली तर ती शेवटच्या चालीपर्यंत तेवढीच जोडी राहते. कमीजास्त होते ती फक्त खेळणाऱ्याची छाती. होल्डेममध्ये प्रत्येकाला दोन पानं गुपचूप मिळतात आणि पाच पानं टेबलावर सगळ्यांसाठी उघडतात: आधी तीन एकदम, तो फ्लॉप, मग एक, तो टर्न, मग शेवटचं, ते रिव्हर. पानं उघडली की दर वेळी पैसे लावायची एक फेरी होते आणि तिला स्ट्रीट म्हणतात. हातातली दोन पानं वेगवेगळी असतील तर फ्लॉपवर त्यांतल्या एकाची तरी जोडी जमण्याची शक्यता सुमारे 32 टक्के असते, म्हणजे तीनांतले दोन फ्लॉप कोरडेच जातात. इतक्या उपासानंतर टेबलावर गुलाम दिसला की माणसाला तो पाहुणा न वाटता जावई वाटतो. पण अजून दोन पानं यायची असतात. न दिसलेल्या 47 पानांत राणी, राजा आणि एक्के मिळून 12 असतात, आणि रिव्हरपर्यंत त्यांतलं एक तरी टेबलावर येण्याची शक्यता 45 टक्के. हीच जोडी नव्व्यांची असती तर वरचढ पान येण्याची शक्यता दोन तृतीयांशांच्या आसपास गेली असती. म्हणजे गुलामाची गादी जवळजवळ निम्म्या वेळा आणि नव्वीची तीनांत दोनदा डळमळते, आणि त्यात आपण काहीच चुकलेलो नसतो.

आता हप्त्यांचा हिशेब. फ्लॉपच्या वेळी मधल्या ढिगात, म्हणजे पॉटमध्ये, 100 रुपये आहेत आणि समोरचा पॉटच्या निम्मे, म्हणजे 50 लावतो. आपण 50 भरतो, पॉट 200. टर्नवर तो पुन्हा निम्मे लावतो, आता ते 100. आपण भरतो, पॉट 400. रिव्हरवर निम्मे म्हणजे 200. भरले की पॉट 800. समोरच्याने आवाज चढवला नाही, प्रत्येक वेळी ‘निम्मे’ असंच म्हणाला, आणि 50 रुपयांच्या प्रश्नाला मान डोलावणाऱ्याचे 350 गेले. तो निम्म्याऐवजी पूर्ण पॉटएवढे लावणारा असता तर हप्ते 100, 300 आणि 900 झाले असते, एकूण 1,300. या काळात आपल्या हाताचं काय झालं? काही नाही. फ्लॉपवर गुलामाची जोडी आणि नव्वी होती, रिव्हरवरही तेच आहे. भाव सातपट झाला, माल तोच. फ्लॉपवरच कुणी म्हणालं असतं, ‘‘साहेब, या जोडीवर 350 रुपये लावा,’’ तर याच माणसाने त्याला वेड्यात काढलं असतं. पण 350 कुणीच मागत नाही. आधी 50 मागतात, आणि 50 रुपयांना नाही म्हणणं हे आपल्याकडे भिकारपणाचं लक्षण समजलं जातं.

भाव वाढत असताना आणखी एक गोष्ट चाललेली असते, आणि मला वाटतं सगळा कारभार तिच्यातच आहे. प्रत्येक स्ट्रीटवर समोरच्याकडे असू शकणाऱ्या हातांची चाळणी होते. आपला एक गुलाम हातात, एक टेबलावर, उरले दोन. आपल्याला नुसत्या किकरवर हरवणारे गुलामवाले हात म्हणजे एक्का-गुलाम, राजा-गुलाम, राणी-गुलाम आणि दश्शी-गुलाम. प्रत्येक आठ प्रकारे जमू शकतो, एकूण 32 प्रकार. आपण हरवतो ते गुलाम-अठ्ठी, गुलाम-सत्ती, गुलाम-पंजी, गुलाम-चौकी आणि गुलाम-दुर्री. हेही प्रत्येकी आठ, एकूण 40. कागदावर आपण पुढे आहोत. मात्र हे 40 प्रकार खेळायला बसणाऱ्यालाही थोडी अक्कल असते आणि त्यातले बहुतेक तो फ्लॉप बघायच्या आधीच टाकून देतो. ज्या गुलामांना आपण हरवतो ते मैदानात उतरलेलेच नसतात. मग आपल्याला पैसे देणार कोण? दोन दश्श्या, दोन अठ्ठ्या, एक्का-छक्की, किंवा एकाच चिन्हाच्या पाच पानांची, म्हणजे फ्लशची, आस लावून बसलेला एखादा. ही मंडळी एकदा पैसे भरतात, जीवावर आलं तर दुसऱ्यांदाही भरतात, तिसऱ्यांदा मात्र उठतात. लग्नघरात सगळे पाहुणे गेल्यावरही जो थांबलेला दिसतो तो एक तर घरचा असतो, नाही तर पैसे घ्यायला आलेला मांडववाला. रिव्हरवर 200 रुपये लावून शांतपणे बसलेला प्रतिस्पर्धी आपल्या घरचा नसतो. डेव्हिड स्क्लान्स्की यांनी ‘द थिअरी ऑफ पोकर’ या पुस्तकात या दुखण्याला रिव्हर्स इम्प्लाइड ऑड्स असं भारदस्त नाव दिलं आहे. त्याचा साधा मतलब असा की जिंकलो तर थोडे मिळतात आणि हरलो तर पुष्कळ जातात.

यावर तडफदार खेळाडूंचं उत्तर ठरलेलं असतं: मग आपणच पैसे लावावेत, म्हणजे आपण कुठे आहोत ते कळेल. हा युक्तिवाद ऐकायला फार पुरुषार्थाचा वाटतो. त्यातून काय कळतं ते मात्र तपासलं पाहिजे. आपण मोठी रक्कम लावली की आपल्यापेक्षा वाईट हात पळतात आणि चांगले हात थांबतात. म्हणजे ज्यांच्याकडून पैसे मिळाले असते त्यांना आपण हाकललं आणि ज्यांना द्यायचे त्यांना बसवून ठेवलं. समोरच्याने नुसता कॉल केला, म्हणजे तेवढेच पैसे भरले, तर त्यातूनही काही कळत नाही, कारण दोन दश्श्यावालाही कॉल करतो, एक्का-गुलामवालाही करतो आणि दोन तिर्र्या पोटात घेऊन टेबलावरच्या तिर्रीकडे प्रेमाने बघणाराही करतो. म्हणून टर्नवर ‘अजून थोडी माहिती’ घ्यावी लागते. माहितीचा हा अधिकार आपल्या देशात कागदावर 10 रुपयांत मिळतो. पोकरच्या टेबलावर त्याची फी दर अर्जाला दुप्पट होते. अर्थात काही गिऱ्हाइकं अशी असतात की छक्कीची जोडी घेऊन तीनही वेळा पैसे भरतात, कारण त्यांना उठायचाच कंटाळा येतो. अशांच्या विरुद्ध तीनदा बिनधास्त लावावेत. किती वेळा लावायचे हे समोरच्या माणसावरून ठरवावं, आपल्या गुलामाच्या मिशीवरून नव्हे.

हा हात जाणत्यालाही कसा खेळवतो याच्या पुराव्यादाखल 2003 सालची लास वेगासची वर्ल्ड सिरीज ऑफ पोकर घेऊ. बिनियन्स हॉर्सशू या कसिनोतल्या त्या मुख्य स्पर्धेत 839 जण उतरले आणि शेवटी दोघे उरले. एक क्रिस मनीमेकर, टेनेसीचा हिशेबनीस, इंटरनेटवरची स्वस्तातली पात्रता स्पर्धा जिंकून आलेला. आडनाव खरं, घेतलेलं नाही. दुसरा सॅम फरहा, बैरुतमध्ये जन्मलेला मुरलेला धंदेवाईक खेळाडू, तोंडात कायम न पेटवलेली सिगारेट. एका डावात फरहाच्या हाती राणी-नव्वी आली आणि टेबलावर नव्वी, दुर्री, छक्की, पुढे अठ्ठी, शेवटी तिर्री. फरहाची नव्वीची जोडी, टेबलावरची सर्वांत वरची. मनीमेकरकडे राजा-सत्ती, म्हणजे फ्लश आणि सीक्वेन्स दोन्हींची नुसती आशा, आणि रिव्हरवर दोन्ही हुकलेल्या. टर्नवर त्याने रक्कम वाढवली होती, फरहाने ती भरली होती. रिव्हरवर मनीमेकरने आपल्या सगळ्या चिप्स पुढे ढकलल्या. फरहा विचार करत राहिला, तुझा फ्लश हुकलेला दिसतो असंही बोलून गेला, आणि तरीही त्याने पानं टाकली. निदान अचूक, औषध उलटं. पुढे शेवटच्या डावात त्याच्या हाती गुलाम-दश्शी आली आणि फ्लॉपवर गुलाम, पंजी, चौकी. पुन्हा टॉप पेअर, पुन्हा मध्यम किकर. या वेळी मात्र त्याने सगळं पुढे सारलं. मनीमेकरकडे पंजी-चौकी होती, म्हणजे दोन जोड्या. रिव्हरवर आणखी एक पंजी येऊन तिचं फुल हाऊस, म्हणजे तीन पंज्या आणि दोन चौक्या, झालं. पहिलं बक्षीस 25 लाख डॉलर हिशेबनिसाकडे गेलं, आणि पुढच्या वर्षी त्याच स्पर्धेत 2,576 जण आले, कारण जगभरच्या हिशेबनिसांना आपल्यातही काहीतरी आहे असं वाटू लागलं.

जोडी पुढे होती तेव्हा सोडली, मागे होती तेव्हा जीव लावला, असं म्हणून फरहाला हसणं सोपं आहे, आणि टीव्हीवर सगळ्यांचे पत्ते दिसत असताना तर सोफ्यावरचा प्रत्येक जण जागतिक विजेता असतो. पण त्याच्या जागी बसून पाहिलं तर दोन्ही निर्णयांना आधार आहे. पहिल्या डावात टेबलावर तीन इस्पिक पडली होती, समोरच्याने आधी रक्कम वाढवली होती आणि आता सर्वस्व लावलं होतं. नव्वीच्या जोडीने तिथे माघार घेणं हा गुन्हा नव्हे. दुसऱ्या डावात दोघेच खेळाडू होते, आणि दोघांच्या खेळात गुलामाची वरची जोडी हा चांगला हात धरतात, नऊ जणांच्या टेबलावरच्यासारखा लंगडा नाही. म्हणजे निर्णय दोन्ही वेळा समर्थनीय, निकाल दोन्ही वेळा फजितीचा. शहाण्या माणसाला शहाणपणाच्याच वाटेने गाढव ठरवण्याची या हाताची ताकद अफाट आहे. दुसरीकडे डॉयल ब्रन्सन यांनी 1976 आणि 1977 अशी लागोपाठ दोन वर्षं हीच स्पर्धा जिंकली, आणि दोन्ही वेळा शेवटच्या डावात त्यांच्या हाती दश्शी-दुर्री होती. त्यावरून कुणी दश्शी-दुर्रीचं देऊळ बांधू नये. एकेका डावाच्या निकालावरून धडे काढायला गेलं की हे असं होतं. म्हणून फरहाकडून मी निकालाचा धडा घेत नाही, एवढंच घेतो की मध्यम किकरची अशी जोडी मोठ्या पॉटमध्ये पोहोचली की बरोबर उत्तर कळण्याची सोय उरत नाही. चूक होणार हे धरूनच चालावं आणि ती पॉट लहान असताना व्हावी अशी तजवीज करावी.

या तजविजीवर सर्वांत वजनदार आक्षेप गणितवाल्यांचा आहे, आणि तो उडवून लावण्यासारखा नाही. ते म्हणतात, मोठी रक्कम दिसली की तुम्ही मध्यम जोडी टाकणार हे एकदा समोरच्याला कळलं की तो तुम्हाला रोज लुटेल. हातात काही नसताना 100 च्या पॉटवर 50 लावणाऱ्याचा ब्लफ तीनांत एकापेक्षा जास्त वेळा यशस्वी झाला की तो फायद्यात; म्हणजे तुम्ही किमान दोन तृतीयांश वेळा टिकून राहिलंच पाहिजे. पॉटएवढे लावले तर निम्म्या वेळा. हिशेब बिनचूक आहे. मात्र ही जबाबदारी तुमच्याकडे असू शकणाऱ्या सगळ्या हातांची मिळून असते, एकट्या गुलाम-नव्वीच्या डोक्यावर ती ठेवलेली नाही. तुमच्याकडे एक्का-गुलाम असेल, दोन छक्क्या असतील, तेव्हा तुम्ही टिकालच. तो वाटा सर्वांत चांगल्या हातांपासून भरत यायचा आणि जागा संपली की खालच्याला बाहेर बसवायचं. दुसरं असं की हा हिशेब जो खरोखर पाळतो तो माणूस नसतो. जानेवारी 2017 मध्ये कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या लिब्रेटस या संगणक-प्रणालीने पिट्सबर्गच्या एका कसिनोत चार धंदेवाईक खेळाडूंशी 20 दिवसांत 1,20,000 डाव खेळून त्यांना सपशेल हरवलं; त्या कसिनोचं नाव रिव्हर्स, हा योगायोग मला तरी क्रूर वाटतो. लिब्रेटस पॉटपेक्षा कितीतरी मोठ्या रकमा अचानक लावत असे, आणि मध्यम जोडी धरून बसलेल्या त्या बिचाऱ्यांना ठरवावं लागे की हा खरा आहे की थाप. पॉटच्या दुप्पट रक्कम लावली तर कॉल करणाऱ्याला 40 टक्के वेळा जिंकणं भाग असतं. यंत्र ती थाप योग्य प्रमाणात मारतं, कारण पकडलं गेल्यावर त्याचा चेहरा पडत नाही. माणसाचा पडतो. त्यामुळे साध्या टेबलावर पहिल्या स्ट्रीटला थापा मारणारे ढीगभर असतात, दुसऱ्या स्ट्रीटला मोजके, आणि तिसऱ्यांदा हात रिकामा असताना 200 रुपये पुढे सारण्याची निर्लज्जता फार थोड्यांना जमते.

हे सगळं ठाऊक असूनही लोक रिव्हरवर पैसे भरतात, त्याची दोन कारणं दिसतात. पहिलं, आधीचे 150 वाया जाऊ नयेत. 1985 साली आर्क्स आणि ब्लूमर या संशोधकांनी दाखवलं की नाटकांच्या हंगामाचं तिकीट पूर्ण किमतीला घेतलेल्यांनी, सवलतीत घेतलेल्यांपेक्षा, हंगामाच्या पूर्वार्धात जास्त प्रयोग पाहिले. नाटक तेच, पैसे मात्र वसूल व्हायला हवेत. पोकरमध्ये या भावनेला गणिताचा सदराही घालता येतो, कारण पॉटमध्ये 600 पडलेले असताना 200 भरायचे म्हणजे चारांत एकदा जिंकलो तरी बरोबरी. मुद्दा खराच आहे. फक्त समोरचा माणूस चारांतून एकदा तिथे थाप मारतो का, हे विचारायचं राहून जातं, कारण उत्तर नकोसं असतं. दुसरं कारण जास्त आपुलकीचं आहे. ‘‘बघू तरी काय आहे!’’ या वाक्यावर जितके पैसे गेले असतील तितके हावेपायी गेले असतील असं वाटत नाही. माणूस हरायला तयार असतो, पण न कळता झोपायला तयार नसतो. शेजारच्या फ्लॅटमध्ये कोण आलं हे बघायला दार किलकिलं करणारी जी वृत्ती, तिलाच इथे 200 रुपये पडतात, आणि बघायला मिळतो एक्का-गुलाम.

उपाय अगदी नीरस आहे. फ्लॉपवर एकदाच ठरवावं की या जोडीवर एकूण किती. मग तीन स्ट्रीटपैकी एकीवर, बहुधा टर्नवर, चेक म्हणून, म्हणजे पैसे न लावता, गप्प बसावं. तिथे कुणीच पैसे लावले नाहीत तर वरच्या हिशेबात 350 ऐवजी 150 मधे भागतं आणि पॉट 800 ऐवजी 400 वर थांबतो. समोरच्याने तरीही टर्न आणि रिव्हर दोन्हींवर जोर लावला, तर त्याच्याकडे काहीतरी आहे हे मान्य करण्यात मानहानी नाही. पणजीला मांडवीतल्या कसिनो बोटींवर पोकरला बसणाऱ्या मुंबई-पुण्याच्या पर्यटकांना हे जास्तच लागू पडतं, कारण ते शनिवार-रविवारपुरते आलेले असतात आणि दोन दिवसांत पत्ते टाकत बसणं त्यांना सुट्टी वाया घालवल्यासारखं वाटतं. खुद्द गोवेकरांना 2020 पासून या कसिनोंत जुगार खेळायची बंदी आहे. सरकारने आपल्या लोकांची मध्यम जोडी परस्पर टाकून दिली म्हणायचं. ऑनलाइन पैसे लावून खेळण्याची सोय 2025 च्या केंद्रीय कायद्याने गेली, तेव्हा आता ज्याला हरायचं आहे त्याने निदान समोर बसून हरावं लागेल. त्यात एक फायदा आहे. रिव्हरवर पानं टाकावीत, आणि अगदीच राहवलं नाही तर डाव संपल्यावर समोरच्याला सरळ विचारावं, ‘‘काय होतं हो तुमच्याकडे?’’ बहुतेक जण सांगतात. खोटं सांगतील, पण फुकट सांगतील.